न दुखणारा दात

वाजवता वाजवता मेदिंगच्या जिभेवर गंजाची चव आली. बरेच दिवस बंद असलेला नळ सोडल्यावर पहिलं पाणी तोंडात घ्यावं, तशी. तिनं सूर सोडला नाही. तो तुकडा संपेपर्यंत ओठ आवळून धरले, आणि मागचे ट्रॉम्बोन पुढे सरसावले तेव्हा क्लॅरिनेट मांडीवर घेतलं. वेताची पत्ती बांधलेल्या वाद्याच्या काळ्या चोचीवर, जिथं वरचे पुढचे दात टेकतात नेमकं तिथं, एक लाल रेघ होती. दोऱ्याएवढी. हारोच्या चौकात कांदेलारिया मातेच्या सणाची तालीम चालली होती. घंटाघराची सावली बँडवरून सरकत सरकत कणसं भाजणाऱ्या बायकांपर्यंत पोचली होती, आणि धुराबरोबर येणारा तो गोड करपट वास, एरवी तिला आवडणारा, आता तोंडातल्या चवीत मिसळून नकोसा झाला होता. शेजारच्या खुर्चीवरून म्हाताऱ्या इस्कोनं सॅक्सोफोनवर हनुवटी टेकवून विचारलं, "काय गं, पत्ती फाटली?" "हो, फाटली," असं म्हणून तिनं रुमालानं चोच पुसली आणि रुमालाची घडी रक्त आत जाईल अशी घातली. मग जीभ वर नेऊन तो दात चाचपला. दात जागच्या जागी होता. घट्ट, गुळगुळीत, शेजारच्या दातांपेक्षा किंचित थंड. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर ती इतकी घाबरली नसती.

तो दात तिचा नव्हता. म्हणजे दहा वर्षांपासून तिचाच होता, पण उगवलेला नव्हता, बसवलेला होता. हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्याच्यावर दाताची टोपी. तिच्या घराण्यात स्वतःचे दात पन्नाशीपलीकडे कुणी नेलेच नव्हते. तिचे वडील, मिआगाव गावच्या बँडचे मास्तर फेर्मिन फामातिद, हसून म्हणायचे, "आपल्या घरात दात पाहुणे असतात. आले की जेवू घालायचं, निघाले की निरोप द्यायचा." क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला वरचे पुढचे दात म्हणजे वाद्याचाच भाग. चोच त्यांच्यावर टेकते, आणि पत्तीची थरथर दातांतून कवटीत चढते. ऐकणाऱ्याला सूर हवेतून मिळतो, वाजवणाऱ्याला हाडातून. वडिलांचे दात सुटत गेले, हिरड्या ओसरून दात लांब दिसायला लागले, मग हलायला लागले, तसे ते चोच जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे धरत गेले. लहान मेदिंगला वाटायचं, ही वडिलांची ऐट. एका पावसाळ्यात त्यांनी क्लॅरिनेट पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी तिच्या हातात दिली, आणि त्यानंतर मरेपर्यंत नुसती काठी हलवून बँड चालवला. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. जेवताना मात्र मासा बोटांनी कुस्करत बसायचे, आणि तेवढा वेळ आई दुसरीकडे बघायची.

घरी आल्यावर तिनं दादोला सांगितलं. दादो तिचा नवरा, बंदरावरच्या कारखान्यात फिटर. जगातल्या सगळ्या गोष्टी घट्ट तरी करायच्या असतात नाहीतर सैल, असं त्याचं मत. त्यानं तिला दिव्याखाली उभं केलं, हनुवटी धरून तोंडात पाहिलं आणि नेहमीच्या लाडाच्या हाकेनं म्हणाला, "इंदाय, मला तर रोज येतं रक्त. ब्रश लाल होतो. म्हणून काय मी रडत सुटतो?"

"तुझ्या नुसत्या हिरड्या आहेत. माझा तिथं स्क्रू आहे."

"मग स्क्रू गंजला असेल. तेल सोडू?"

ती हसली नाही. थोड्या वेळानं परसातल्या पेरूची पानं उकळून त्याचं तुरट पाणी त्यानं पेल्यात आणून दिलं आणि ती चूळ भरत असताना शेजारी उभा राहिला. चूळ गुलाबी आली. दोघांनीही ती पाहिली. "तुझी ती डॉक्टरीण कुठं गेली?" त्यानं विचारलं. "मोलोत," ती म्हणाली. "नदीपलीकडे." "नदीपलीकडे म्हणजे काय मनिलाला गेली?" दादो म्हणाला, आणि तिला त्या बोलण्याचा राग आला, कारण ते खरं होतं. साथीच्या दिवसांत दवाखाना बंद झाला, मग डॉक्टरांनी जागा बदलली, मग शाळेतल्या मुलांची परीक्षा, मग एक लग्न, मग कुणाचं तरी बारसं, कुणाचा वाढदिवस. दर काही महिन्यांनी हिरड्या साफ करून घ्यायला जायचं ते आधी लांबलं आणि मग नुसतंच राहिलं. जायला कारण लागतं, आणि न दुखणारा दात कारण देत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतली गाण्याची तासिका दुसऱ्या बाईंना देऊन ती मोलोकडे निघाली. जीपनी, माणसांनी भरलेली ती लांबडी भाड्याची जीप, पुलावर अडकली. खाली नदी भरतीच्या पाण्यानं उलटी वाहत होती, आणि मेदिंगला डॉक्टर गिल्दा तुपास पहिल्यांदा भेटली तो दिवस आठवत होता. तेव्हा हा दात मूळचा होता आणि दारातल्या सैल फळीसारखा हलत होता. मॉलमधल्या एका दवाखान्यानं सांगितलं होतं, हा काढू, स्क्रू बसवू, सणाच्या आत वाजवायला लागाल. तिला तेच ऐकायचं होतं. केवळ कुणीतरी म्हणालं म्हणून ती आणखी एक मत घ्यायला या बारक्या चणीच्या, शाळकरी पोरीसारखी वेणी घातलेल्या बाईकडे गेली, आणि त्या बाईनं तिच्या तोंडात बराच वेळ पाहून सांगितलं, "आत्ता नाही बसवणार."

"का?"

"मानांग, तुमचा एक दात आजारी नाहीये. सगळ्या हिरड्या आजारी आहेत. ज्या रोगानं हा दात सैल केला तो शेजाऱ्यांकडेही बसलाय. मी उद्या नवा स्क्रू घातला तर तो रोग त्यालाही धरेल. दाताला निदान भोवती गादी असते, शिरा असतात, तो ओरडतो तरी. स्क्रू ओरडत नाही. निमूटपणे हाड खाऊ देतो."

"दुसरे डॉक्टर बसवायला तयार आहेत."

"बसवतील. बसेलही. पाचेक वर्षांनी काय, ते मी सांगतेय."

मानांग म्हणजे थोरली बहीण. वयानं पंधरा वर्षं लहान असलेल्या त्या बाईनं थोरली बहीण म्हणावं आणि त्याच श्वासात नाही म्हणावं, याचा मेदिंगला इतका संताप आला होता की ती पर्स उचलून उभी राहिली होती. तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "काय वाजवता?" कागदावर तिनं धंदा म्हणून 'संगीतशिक्षिका' एवढंच लिहिलं होतं. क्लॅरिनेट म्हणताच ती बाई म्हणाली, "उद्या घेऊन या. मला बघायचंय." आणि दुसऱ्या दिवशी, खरंच, त्या पांढऱ्या खोलीत, मागे कलणाऱ्या खुर्चीत ताठ बसून मेदिंगनं क्लॅरिनेट वाजवलं होतं. डॉक्टर समोर स्टुलावर बसून तिच्या ओठांकडे पाहत होती. एकदा म्हणाली, खालचे सूर. एकदा म्हणाली, आता वरचे. मग हातमोजा घातलेलं बोट हळूच तिच्या वरच्या दातावर ठेवून म्हणाली, पुन्हा. त्या बोटाला दाताची थरथर कळत होती. बाहेर बसलेले रोगी दारापाशी येऊन उभे राहिले. मेदिंगच्या आयुष्यात तिचं वाजवणं पुष्कळांनी ऐकलं होतं, वाहवा केली होती, झोपाही काढल्या होत्या. पण कुणी बोटानं ऐकलं नव्हतं. "इथं जोर पडतो आणि इथं पडत नाही," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "छान. म्हणजे कसा बसवायचा ते कळलं. पण आधी जमीन."

जमीन करण्यात वर्ष गेलं. मुळांवरचं कीटण खरवडणं, पुन्हा तपासणं, पुन्हा खरवडणं. रात्री झोपण्यापूर्वी दातांच्या फटींतून बारके ब्रश फिरवायचे, आणि ते कसे फिरवायचे हे डॉक्टर तिला इतक्यांदा दाखवायची की मेदिंगला शाळेतल्या मुलांची आठवण व्हायची, बोटं पुन्हा पुन्हा त्याच छिद्रावर ठेवून दाखवायची तिची स्वतःची सवय आठवायची. डॉक्टर कधी चिडली नाही. "इथं राहिलं," एवढंच म्हणायची, आणि आरसा पुढं करायची. त्या वर्षी मेदिंगनं वाजवलं नाही. मग दात काढला, हाड भरू दिलं, स्क्रू बसवला, आणि तो हाडाशी एकजीव होईपर्यंत पुन्हा थांबायला लावलं. टोपी बसली त्या संध्याकाळी तिनं घरी पहिला सूर लावला आणि दचकून थांबली. सूर बदलला होता. बाहेर नाही, दादोला काही फरक कळला नाही. आत बदलला होता. खऱ्या दाताभोवती जी मऊ गादी असते ती आता नव्हती. धातू थेट हाडाला भिडला होता, आणि थरथर कुठंही न मुरता, न गाळली जाता, सरळ कवटीत शिरत होती. इतका उघडा सूर तिनं कधी ऐकला नव्हता. सुरुवातीला तो सोसवेना. मग त्याची सवय झाली, मग त्याच्याशिवाय करमेना. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं, असं तिला पुष्कळदा वाटलं. काय सांगितलं असतं ते मात्र शब्दांत येत नव्हतं.

मोलोतला नवा दवाखाना एका शिंप्याच्या दुकानाच्या वर होता. जिना चढताना मेदिंगनं मनातल्या मनात बोलणी खायची तयारी केली. शाळेत पालक उशिरा आले की ती स्वतः कसं बोलते ते आठवलं. पण डॉक्टर तुपास दारात आली, केस कानापाशी पांढरे झालेले, आणि म्हणाली, "मानांग मेदिंग. आलात, बरं झालं. वाजवणं चालू आहे ना?" एवढंच. मेदिंगनं हो म्हणून मान हलवली आणि तिच्यामागून आत गेली.

खुर्ची मागे गेली. बारीक सळई दाताभोवतीच्या फटीत उतरते तेव्हा ती किती खोल जाते ते डॉक्टर मोठ्यानं सांगते आणि मदतनीस बाई लिहून घेते. तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. मेदिंगला हे आकडे नेहमी तालासारखे ऐकू यायचे. तीन मात्रांचा वॉल्ट्झ, जरा लंगडा. डोळे मिटून ती मोजत राहिली. तीन, दोन, तीन. मग डॉक्टर त्या दातापाशी आली आणि ताल मोडला. सात. थोडं थांबून, आठ. मग काहीच नाही. मेदिंगनं डोळे उघडले. मुखपट्टीच्या वर डॉक्टरचे डोळे होते, आणि त्यांत धक्का नव्हता, दयाही नव्हती; नवीन कठीण तुकडा पहिल्यांदा समोर आल्यावर चांगला वादक ज्या नजरेनं कागदाकडे पाहतो तशी ती नजर होती. "रक्त आहे. पूही आहे," डॉक्टर म्हणाली. "एक्स-रे काढू."

एक्स-रेमध्ये स्क्रू स्वच्छ पांढरा दिसत होता, एकेक आटा वेगळा. त्याच्या भोवती हाड करड्या धुक्यासारखं हवं होतं; वरच्या अर्ध्यात ते नव्हतं. तिथं काळी बशी होती. दुसऱ्या कुणाचं तरी घर पुरानं खचलेलं पाहावं तसं मेदिंगनं ते पाहिलं.

"इतकं होईस्तोवर दुखलं कसं नाही?"

"ते दुखत नाही. म्हणूनच तर मी बोलावत होते."

हे टोचून म्हटलं नव्हतं, पण टोचलं. मेदिंग म्हणाली, "माझ्या घराण्यातच आहे. वडिलांचे असेच गेले."

"तुमच्या वडिलांना कुणी सांगितलं होतं का, की थांबवता येतं म्हणून?"

मेदिंगनं पुन्हा त्या काळ्या बशीकडे पाहिलं. मिआगावला तेव्हा दाताचा डॉक्टर म्हणजे चिमटा. कुणी सांगितलं नव्हतं.

"काढून टाकायचं का?" तिनं शेवटी विचारलं.

"काढता येईल. पण आता घट्ट आहे, म्हणजे खालचं हाड अजून धरून आहे. काढला तर ते हाडही जाईल, आणि पुढं काय बसवायचं तो प्रश्न. मी उघडून साफ करून बघेन म्हणते. हिरडी उचलायची, एकेक आटा घासायचा, आजारी मांस काढायचं. आणि आजूबाजूच्या दातांवरही पुन्हा मेहनत."

"वाचेल?"

"खात्री देत नाही, मानांग."

"दुसरे देतात."

"माहीत आहे." डॉक्टरनं मुखपट्टी खाली केली. तिच्या नाकावर पट्टीचा वळ होता. "मी देऊ शकत असते तर तुम्हालाच पहिली दिली असती. थांबेल अशी आशा आहे, एवढं म्हणते. गेलेलं हाड सगळं परत येणार नाही. हिरडी वर सरकेल, दात लांब दिसेल, कदाचित धातू दिसेल. आणि यंदाचा सण नाही."

यंदाचा सण नाही. खाली शिंप्याच्या दुकानातली मशीन धडधडत होती, थांबत होती, पुन्हा धडधडत होती. मेदिंगला वाटलं, आपण उठावं. मॉलमध्ये जावं. तिथं कुणी तरी गोड हसून सांगेल, हा काढू, दोन नवे घालू. तिनं ते केलंही. परतीच्या वाटेवर जीपनीतून उतरून ती त्या थंडगार, फुलांचा वास मारलेल्या दवाखान्यात गेली, आणि एका देखण्या तरुणानं तिला नेमकं तेच सांगितलं. त्यानं सळई घातली नाही. ती काय वाजवते ते विचारलं नाही. चकचकीत चित्रं दाखवली. तो वाईट माणूस नव्हता, घाईत होता. तिथल्या मऊ कोचावर बसून कागद भरता भरता मेदिंगला आठवलं ते हातमोज्यातलं बोट, दातावर अलगद टेकलेलं, तिच्या सुराची वाट बघत असलेलं. तिनं कागद अर्धा भरून तसाच ठेवला आणि बाहेर उन्हात आली.

मोलोतल्या खुर्चीत पुन्हा पडल्यावर तिला कळलं, भूल दिलेल्या तोंडात दुखत नाही, पण ऐकू येतं. हे तिला पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रूचे आटे घासताना होणारा आवाज हवेतून येत नव्हता. तो त्याच वाटेनं येत होता ज्या वाटेनं तिचे सूर यायचे, धातूतून हाडात आणि हाडातून सरळ डोक्याच्या मध्यात. कर्र. थांबणं. पाण्याची बारीक धार. पुन्हा कर्र. पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. मग, इलाज नव्हता म्हणून, ती ऐकू लागली, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की हा आवाज एकसारखा नाही. डॉक्टर एका आट्यावर घासायची, थांबायची, चष्म्याच्या भिंगांतून वाकून बघायची, समाधान झालं नाही की पुन्हा तिथंच. पुढं जायची घाई नाही. जिथं हात नीट पोचत नव्हता, मागच्या बाजूला, तिथं तिनं हत्यार बदललं, पुन्हा बदललं, उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, मान वाकडी केली. तिचा श्वास मुखपट्टीतून ऐकू येत होता. कठीण जागी ती श्वास रोखायची आणि जागा पार झाली की सोडायची. मेदिंगला वाटलं, हिला मी ओळखते. वडील एका तुकड्यासाठी आख्खा बँड असाच बसवून ठेवायचे. पोरं कंटाळायची, मच्छर चावायचे, आणि ते म्हणायचे, अजून स्वच्छ नाही. लोकांना कळायचं नाही, कशाला एवढं. हे जे चाललं होतं तेही कुणाला दिसणार नव्हतं. हिरडी वर शिवली जाणार होती आणि आट्यांच्या त्या खाचा, एकीमागून एक स्वच्छ केलेल्या, कायमच्या अंधारात जाणार होत्या. तरी ही बाई मागच्या बाजूची खाच सोडत नव्हती. मेदिंगच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं. "दुखतंय का?" डॉक्टरनं लगेच हात थांबवून विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. खरंच दुखत नव्हतं.

सणाच्या दिवशी तिनं दादोबरोबर चौकात उभं राहून बँड ऐकला. तिच्या जागी तिचीच एक विद्यार्थिनी वाजवत होती, आणि बरी वाजवत होती, आणि ती बरी वाजवते आहे याचं सुख आणि दुःख मेदिंगच्या पोटात एकाच जागी होतं. इस्कोनं लांबून सॅक्सोफोन उंचावून तिला सलाम केला. कांदेलारियाची मूर्ती मेणबत्त्यांच्या गर्दीतून पुढं गेली. दादो कानाशी म्हणाला, "ती पोरगी वरच्या सुराला जरा घाबरते."

"तुला काय कळतं?"

"एवढी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतोय. स्क्रू घट्ट आहे की सैल तेवढं कळतं मला."

त्या दिवसांत ती रोज आरशासमोर उभी राहून बारके ब्रश फिरवायची. दादो मागे येऊन बघायचा, आणि एकदा काही न बोलता त्यानंही एक ब्रश उचलला. "इथं राहिलं," मेदिंग त्याला म्हणाली, आणि हे शब्द आपल्या तोंडी कुणाचे आले हे तिच्या लक्षात आलं. वाजवणं नव्हतं तर दिवसाला कडा नव्हत्या. शाळेतून आल्यावर ती क्लॅरिनेटच्या पेटीजवळ बसायची, उघडायची नाही. वडील अशा किती संध्याकाळी बसले असतील, आणि त्यांना बोलावणारं कुणी नव्हतं, दर काही आठवड्यांनी आरसा पुढं करणारं कुणी नव्हतं, हा विचार तिच्या मनात यायचा. पहिल्यांदाच तिला वडिलांची कीव न येता राग आला. त्यांचा नाही, कुणाचा ते कळेना. पाहुणे म्हणे. पाहुण्यांना हाकलतं कोण ते तरी विचारायचं होतं.

डॉक्टर घाई करत नव्हती. टाके निघाले, सूज उतरली. सळई पुन्हा उतरली, चार म्हणाली, चार म्हणाली, आणि रक्त आलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. पावसाळा संपता संपता काढलेला एक्स-रे डॉक्टरनं जुन्याशेजारी लावला आणि दोन्हींकडे पाहत राहिली. काळी बशी तशीच होती. पण तिची कड आता पूर्वीसारखी झिरझिरीत राहिली नव्हती, ठसठशीत पांढरी झाली होती. "थांबलंय," डॉक्टर म्हणाली. मेदिंगनं तिच्याकडे पाहिलं. मोठा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता. ती पुन्हा एकदा वाकून, डोळे बारीक करून, ती कड तपासत होती. स्वतःच्या यशावरसुद्धा हिचा लगेच विश्वास बसत नाही, असं मेदिंगला वाटलं, आणि मनात या बाईविषयी जे काही इतके दिवस साठत होतं त्याला आदर हा शब्द अपुरा पडला.

"वाजवा," डॉक्टर म्हणाली. "थोडं थोडं. मिरवणुकीत चालत वाजवायचं मात्र आता नाही. ठेच लागली, धक्का बसला, तर जे उरलंय त्यावर सगळा भार आहे. बसून वाजवा. आणि मी बोलावीन तेव्हा या."

"मरेपर्यंत?"

"मी किंवा तुम्ही, जी कुणी आधी जाईल तोवर."

हिरडी वर सरकली होती. मेदिंग हसली की ओठाखाली, टोपीच्या वर, नखाच्या कडेएवढी करडी धातूची पट्टी दिसायची. डॉक्टरनं झाकायचे उपाय सांगितले. काहीत पुन्हा शिवणकाम होतं, काही नुसते दिखाऊ. मेदिंगनं विचार करते म्हटलं. शाळेत एका चिमुरडीनं विचारलं, बाई, तुमच्या दातात पेन्सिल अडकलीय का. बायका बोलताना तिच्या डोळ्यांकडून नकळत ओठांकडे घसरायच्या. फोटोत ती तोंड मिटून हसू लागली. वाजवताना मात्र ओठ ते झाकायचा, आणि सूर, थोडा दबलेला, थोडा खोल, पण तोच उघडा सूर कवटीत चढायचा. ती रोज थोडं वाजवायची. जास्त वाजवावंसं वाटलं की थांबायची. हे थांबणंही आता तिला वाजवण्याचा भाग वाटू लागलं होतं.

त्यानंतरच्या एका तपासणीला ती मोलोत गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती. गिमारास बेटावरची, पायाशी आंब्यांची करंडी, साडेबाराची होडी गाठायची म्हणून घड्याळाकडे नजर. आतून नुकतीच बाहेर आलेली दिसत होती आणि रागानं तिच्या नाकपुड्या हलत होत्या. तळहात तोंडावर धरून ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, "नाही बसवत म्हणते. आधी हिरड्या म्हणते. सहा महिने म्हणते, जास्तही म्हणते. लग्नात मी काय अशी उभी राहू? दुसरीकडे जाते मी, इथं पुन्हा पाय ठेवणार नाही." फोन ठेवून तिनं करंडी उचलली.

मेदिंग बाकावर सरकली. "बस जरा," ती म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मी इथली जुनी रोगी आहे. होडी पुढचीही असते. बस."

बाईनं संशयानं पाहिलं, पण करंडी जड होती, ती टेकली आणि तळहात पुन्हा तोंडावर धरला. हाड, हिरडी, जमीन, सगळे शब्द डॉक्टरचे होते आणि या पोरीनं ते आत्ताच ऐकून धुडकावले होते. मग तिनं तर्जनीनं आपला वरचा ओठ उचलला. पूर्ण वर, जसा तिनं दादोसमोरही कधी उचलला नव्हता, आणि तिच्याकडे तोंड करून तशीच थांबली.

बाई पुढं वाकली. "हे काय आहे?"

"स्क्रू," मेदिंग ओठ धरूनच म्हणाली, त्यामुळे शब्द बोबडा आला. "हाडातला. हिनंच बसवला. मग मी यायची थांबले. मग हिनंच वाचवला, जेवढा वाचला तेवढा."

"दुखतं?"

"कधीच दुखलं नाही. अर्धं हाड गेलं तरी दुखलं नाही."

बाई कितीतरी वेळ पाहत राहिली. तिच्या नाकपुड्या शांत झाल्या. खालची शिंप्याची मशीन थांबली होती, आणि जिन्यात कुणीच नव्हतं. मग तिनं तोंडावरचा तळहात हळूहळू खाली घेतला, करंडीच्या कडेवर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझे बघता?"

मेदिंगनं पर्समधून चष्मा काढून लावला, उठून खिडकीपाशी गेली आणि तिला म्हणाली, "इकडे ये. उजेडात."